नवीन डीबी दिसली म्हणून वायरिंग नवीन समजू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डिचोलीकडे एक जुनं घर बघितलंय, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं, मालक सांगतो लाईटीचं काम सगळं नवीन केलंय, पेटी (आम्ही तिला डीबी म्हणतो, घरातल्या सगळ्या लाईनी जिथून निघतात ती) पण चकाचक आहे, तर व्यवहार करण्याआधी त्या पेटीत काय बघायचं आणि इलेक्ट्रिशियन सोबत नेला तर त्याच्याकडून काय तपासून घ्यायचं. मी फोंड्याचा, कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स आहे, पंचवीस वर्षं हेच करतोय, आणि गेल्या काही वर्षांत तर घर घेण्याआधी "जरा बघून द्या" म्हणणारे इतके वाढलेत की नवीन वायरिंगपेक्षा जुनी बघण्यातच माझे दिवस जातात. म्हणून जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगतो. डीबीत चूक शोधायची ती दुसऱ्या नंबरची गोष्ट. पहिली गोष्ट म्हणजे तिथे जे काही विचित्र दिसेल ते कुणीतरी कधीतरी मुद्दाम केलेलं असतं, काहीतरी त्रास होत होता म्हणून केलेलं असतं, आणि तो त्रास काय होता हे विचारायचं. मोठी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) का आली, ही वायर बाहेरून का फिरवली, इथली आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच, तिच्याबद्दल पुढे सांगतो) कुठे गेली. हे विचारत गेलात की घराचं दुखणं आपोआप कळतं.

आणि झाकण स्वतः उघडायचं नाही. मेन स्विच खाली केला तरी त्याच्या वरच्या बाजूला मीटरकडून आलेली वायर जिवंतच असते, ती फक्त खांबावरून किंवा कटआउटवरून बंद होते. मीटरचं सील तर वीज खात्याचं, त्याला हात लावायचा प्रश्नच नाही, तिथे काही जळकट दिसलं तर १९१२ वर कळवायचं.

झाकण न उघडता पण बरंच कळतं. मालकाला सांगा अर्धा तास गीझर, एसी, इस्त्री जे असेल ते चालू ठेवा, मग एमसीबींच्या तोंडावरून हाताची मागची बाजू फिरवा, कोमट लागली तर ठीक, पण ओळीतली एकच बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल तर आत तिचा स्क्रू सैल आहे किंवा तिच्यावर झेपत नाही एवढा लोड आहे. कान लावा. डीबीने गप्प असायला पाहिजे, तळणीसारखा चुर्र चुर्र आवाज येत असेल तर कुठेतरी स्पार्क होतंय. प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय का बघा. आणि वास घ्या. स्विच-एमसीबीचं प्लास्टिक तापायला लागलं की कधी कधी चक्क मासळीसारखा वास येतो, आता हे बाकी जगात लगेच लक्षात येतं पण आपल्या गोव्यात मासळीचा वास आला म्हणून कोण डीबीकडे बघणार, जेवण झालं असेल म्हणायचं आणि पुढे जायचं! माझ्या एका गिऱ्हाईकाने पंधरा दिवस मांजराला दोष दिला होता. त्यामुळे स्वयंपाकघर लांब आहे, बाजार केलेला नाही आणि तरी पॅसेजमध्ये वास आहे, तर तिथेच थांबा.

आणखी एक बाहेरून दिसणारं म्हणजे झाकणावरची रिकामी भोकं. आठ एमसीबींची पेटी, लावल्यात पाच, उरलेल्या तीन खाचा उघड्या. त्याला प्लास्टिकची पट्टी मिळते, ती लावायचा कुणाला कंटाळा येतो देव जाणे. तिथून पाल आत जाते, बसबारवर (एमसीबींना वीज देणाऱ्या धातूच्या पट्टीवर) चिकटून मरते, लाल मुंग्या घर करतात. मुलांची बोटं जातात ती वेगळीच.

आता तुमच्या मालकाचं "सगळं नवीन केलंय". दहातल्या सात-आठ घरांत मी हे ऐकतो आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नवीन म्हणजे फक्त पेटी नवीन असते. भिंतीतल्या वायरी जुन्याच, पेटीपर्यंत पोचत नाहीत म्हणून वरच्या जंक्शन बॉक्समध्ये जॉइंट मारून फूटभर नवीन वायर खाली आणलेली, पेटी उघडली की लाल काळी हिरवी नवी कोरी वायर दिसते आणि बघणारा खूश. ह्याच्यावर उपाय एकदम सोपा आहे, वायरची दोन्ही टोकं बघायची. पेटीत बघून झालं की इलेक्ट्रिशियनला घरातल्या सगळ्यात जुन्या खोलीतला बोर्ड उघडायला सांगा, आमच्याकडे ती बहुतेक वेळा देवखोली असते कारण घरात पहिला दिवा तिथेच लागला आणि नंतर तिथे कुणी तोडफोड करू देत नाही. तिथल्या बोर्डात जाड जाड तीनच तारांची वायर निघाली तर ती जुन्या मापाची, तीन-बावीस म्हणायचे तिला. आजची दीड किंवा अडीच एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर, तारेच्या जाडीचं माप) वायर केसासारख्या बारीक पुष्कळ तारांची असते. वायर जरा वाकवून बघायला सांगा, वरचं आवरण शेवेसारखं कुरकुरीत तुटलं तर त्या खोलीचं वायरिंग गेलं म्हणून समजा, पेटी कितीही चकाचक असो.

तार पांढरट निघाली तर अॅल्युमिनियम. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या घरांत सापडते. अॅल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, सैल होतं, वरून त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो, आणि कुणी ते सरळ तांब्याच्या वायरीला पीळ मारून जोडलं असेल तर आपल्या दमट खारट हवेत तो जॉइंट किती टिकणार. असले जॉइंट मी उघडले की आत पांढरी भुकटी आणि जळलेली टेप, एवढंच मिळतं.

गोव्याला १९६१ मध्ये मुक्ती मिळाली आणि बऱ्याच गावांत वीज पोचली ती त्यानंतरच, त्यामुळे मूळ घरांत थरावर थर सापडतात, लाकडी पट्टीवरची जुनी वायर, तिच्यावर प्लास्टिकची केसिंग-कॅपिंग, नंतर नूतनीकरणात कन्सील्ड, म्हणजे भिंतीत लपवलेली. कौलांखाली माळ्यावर अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज लटकलेले असतात. ते दिसले तर एक नीट बघा, फेजला (वीज घेऊन येणाऱ्या जिवंत तारेला) एक आणि न्यूट्रलला (परतीच्या तारेला) एक असे जोडीने दोन आहेत का. पूर्वी असं करायचे. हे फार वाईट, कारण न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा बंद होतो, माणसाला वाटतं लाईन गेली, आणि होल्डरात फेज तशीच जिवंत असते. न्यूट्रलला एकट्याला फ्यूज कधीच नसतो, तोडायचा तर फेजबरोबर एकाच वेळी तोडायचा. नवी पेटी बसवल्यावरही माळ्यावरचा तो जुना फ्यूज मध्येच राहून गेलेला मी कितीतरी वेळा बघितलाय.

एमसीबीचे आकडे वाचा. तिच्यावर सी १६, सी ३२ असं लिहिलेलं असतं, तो आकडा अँपिअरचा. लोकांना वाटतं एमसीबी मशीन वाचवायला असते. ती वायर वाचवायला असते, म्हणून आकडा वायरीवरून ठरतो. दीड एमएमला सहा किंवा दहा, अडीच एमएमच्या पॉवर प्लगला १६, फार तर २०, गीझर-एसीला चार एमएम ओढली असेल तर २० किंवा २५, अशी साधारण जोडी. आता होतं काय, घरात एसी आला, जुन्याच अडीच एमएमवर जोडला, त्याच लाईनवर गीझर पण आहे, दोन्ही लागले की १६ची पडते. वायरमनला फोन. तो येतो, ३२ची टाकतो, पडायची बंद होते, मालक म्हणतो हुशार माणूस. आता ती वायर भिंतीत शिजते आणि एमसीबी बघत बसते. चवथीला सगळं खानदान मूळ घरात जमतं, माटोळीवर (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीवर) लायटिंग, मागच्या पडवीत इंडक्शन, दोन खोल्यांत एसी, न्हाणीत गीझर सकाळपासून, वर्षातले ते पाच दिवस ह्या ३२चे खरे परीक्षेचे. दोन किलोवॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, इंडक्शन जवळपास तेवढंच, हिशेब तुम्हीच करा.

आता आरसीसीबी. सगळ्यात जास्त लबाडी आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच, म्हणून जरा थांबतो.

हळदोण्याच्या बाजूला एक घर बघायला गेलो होतो, पुण्याचं एक जोडपं घेणार होतं. पेटी नवीन, लेबलं छापील, वायरी एकदम कंगवा फिरवल्यासारख्या. डाव्या बाजूला मेनच्या जागी रुंद दोन पोलचा स्विच. पण त्याच्यावर छोटं टेस्ट बटण नाही. म्हणजे तो नुसता आयसोलेटर. दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ, पण आयसोलेटर फक्त चालू-बंद करतो, शॉक लागला तर त्याला काही कळत नाही. मी खुर्ची घेऊन पेटीच्या वर हात फिरवला तर धुळीत एक खोका, खोक्यात आरसीसीबी, ४० अँपिअर ३० मिलीअँपिअर, चांगली, काढून ठेवलेली. मालक काका भले गृहस्थ, लपवलं काही नाही, म्हणाले, "पावसात सारखी पडायची हो, फ्रिजमधलं सगळं वाया जायचं, शेवटी काढून टाकली."

आरसीसीबी काय करते ते सोपं करून सांगतो. कदंबाच्या, म्हणजे आमच्या गोव्याच्या सरकारी बसचा कंडक्टर समजा. पणजीला चाळीस चढले, फोंड्याला चाळीस उतरायला हवेत. एकोणचाळीस उतरले तर एक माणूस वाटेत कुठेतरी गळाला. आरसीसीबी फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सतत ताडून बघते, ३० मिलीअँपिअरचा फरक पडायच्या आत सगळं तोडते, कारण तो गळालेला करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. आणि एमसीबी? सगळ्यात छोटी म्हणजे घरातली सहाची, तिला सहा हजार मिलीअँपिअर लागेपर्यंत काही वाटत पण नाही. दोनशे पट. एमसीबी आहेत ना भरपूर, मग शॉक कसा लागेल, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवा. आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही आणि एमसीबी शॉकला पडत नाही, दोघींची कामं वेगळी.

तर पावसातच का पडायची? मी तीच आरसीसीबी परत लावली, जानेवारी महिना, पडेना. मग मल्टिमीटर घेऊन प्रत्येक प्लगात न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघत गेलो, लोड चालू ठेवून. लोड असताना दोघांत व्होल्ट दोन व्होल्टचा फरक दिसायलाच हवा, कारण न्यूट्रलमधून करंट वाहतोय. पुढच्या खोल्यांत दिसला. मागच्या स्वयंपाकघरात दोन किलोवॉटची किटली लावली तरी मीटर ०.० वर ढिम्म. ०.० बघून लोक खूश होतात, मला मात्र तिथेच शंका आली. मेन बंद केला, इन्व्हर्टर नव्हता ते आधी खात्री केली, न्यूट्रल लिंकमधून (सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीतून) एकेक वायर सोडवत ती अर्थशी कुठे जोडलेली आहे का हे मीटरने बघितलं, सहावी का सातवी वायर लावली आणि मीटर पीप झाला. मागचा बोर्ड उघडला तर थ्री-पिनच्या मागे न्यूट्रलवरून अर्थवर दोन इंचांचा काळ्या वायरीचा तुकडा जोडलेला.

मग काकांना विचारत बसलो आणि गोष्ट उलटी उलगडत गेली. पूर्वी घराचं अर्थिंग विहिरीकडून आलेल्या लोखंडी पाईपला जोडलेलं होतं. पाईप गंजला, प्लंबरने प्लास्टिकचा टाकला, त्याला काय माहीत त्याने अर्थिंग तोडलं. मग फ्रिजला हात लावला की आजीला झिणझिण्या यायला लागल्या. एक वायरमन आला, त्याने तो दोन इंचांचा तुकडा लावला, झिणझिण्या बंद. फ्रिजची बॉडी सरळ न्यूट्रलला जोडली गेली होती. नंतर पेटी नवीन करताना दुसऱ्याने आरसीसीबी लावली, चांगल्या मनाने लावली. पावसाळा आला, चिऱ्याच्या भिंती भिजल्या, मागचा पंप ओल्या जमिनीवर, अर्थच्या वायरीला आता जागोजाग जमीन मिळाली, आणि न्यूट्रलचा थोडा करंट त्या वाटेने जमिनीत जायला लागला. कंडक्टरला माणसं कमी भरली. पडली. सारखी पडली. तिसरा आला आणि काढून खोक्यात ठेवली. तिघांनी आपापल्या परीने त्रासच दूर केला होता आणि शेवटी उरलं काय, तर न्यूट्रल मागे कुठेही सुटला की फ्रिजच्या दारावर २३० व्होल्ट, आणि ते तोडायला घरात काहीही नाही.

त्यामुळे जिथे मेन म्हणून आयसोलेटर दिसेल आणि पुढे कुठेच टेस्ट बटण नसेल तिथे एकच प्रश्न विचारा, आधी इथे काय होतं. आरसीसीबी असेल तर मालकासमोर टेस्ट बटण दाबा, कम्प्युटर-बिम्प्युटर बंद करायला सांगून. खटकन पडायला हवी. दाबून पण पडली नाही तर ती शोभेची आहे. पण पडली म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असा अर्थ काढू नका, टेस्ट बटणाचा आणि अर्थिंगचा काहीही संबंध नाही, अर्थिंग नसलेल्या घरातही ती बटणाने पडते. आकडा ३०चा आहे का तेही बघा, १०० किंवा ३०० मिलीअँपिअरची असेल तर ती आगीसाठी ठीक, माणसासाठी नाही. सीईएच्या (केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या) २०१० च्या सेफ्टी रेग्युलेशनमध्ये अर्थ लीकेजच्या संरक्षणाची तरतूद होती आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या रेग्युलेशनमध्येही आहे, तेव्हा "घरात कोण लावतं हो" हे ऐकून घेऊ नका.

काही जण म्हणतात आमचं अर्थिंग एक नंबर आहे, आरसीसीबीची गरज नाही. बघू हिशेब. आमची जमीन जांभ्याची, पठारावर तर मे महिन्यात पहारीने ठोकलं तर ठणाण आवाज येतो, पाणी खोल गेलेलं. तिथे खड्ड्याचं अर्थिंग दहा ओहम मिळालं तरी बरं म्हणायचं. गीझरचा एलिमेंट फुटून फेज बॉडीला लागली तर २३० भागिले दहा, २३ अँपिअर जमिनीत जाणार. आता १६ची एमसीबी २३ अँपिअरला किती वेळात पडेल? स्टँडर्डप्रमाणे आकड्याच्या १.४५ पट करंटला तिला एक तास मुभा आहे, म्हणजे साधारण एवढ्याच करंटला. न्हाणीत माणूस तासभर थांबत नाही. तिथे आरसीसीबीच पाहिजे, आणि तीच पापणी लवायच्या आत पडते. म्हणून अर्थिंगची टेस्ट शक्यतो उन्हाळ्यात करून घ्या, पावसात सगळ्यांचंच अर्थिंग छान असतं. खड्डा कुठे आहे तो दाखवा म्हणावं, तिथून येणारी पट्टी ओढून बघा, मी एकदा ओढली तर हातातच आली, खाली मातीत काहीच नव्हतं.

इलेक्ट्रिशियनने झाकण काढलं की त्याच्या मागे उभं राहून मोबाईलने फोटो काढा. एका स्क्रूखाली दोन-तीन वायरी कोंबल्यात का, वायरीच्या काही तारा कापून उरलेल्या आत घातल्यात का (जाड वायर बारीक भोकात जात नाही म्हणून असं करतात, मी पकडलं की "चालतंय हो" म्हणतात), स्क्रूने तांब्याऐवजी वरचं प्लास्टिकच दाबलंय का, बारीक तारांना लग किंवा फेरूल (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आहे का, न्यूट्रल लिंकवर कुठला स्क्रू काळवंडलाय का. न्यूट्रल लिंक विशेष बघा, कारण फेज सैल झाली तर एक लाईन जाते, न्यूट्रल सैल झाला तर भलतंच होतं, ते पुढे सांगतो. समुद्राकडच्या घरांत तांब्यावर हिरवा थर येतो, बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना तसा. थोडा असेल तर साफ करून परत घट्ट करता येतं, पण एमसीबीच्या जबड्यात आत गेला असेल तर ती बदलायचीच. वस्तू असली-नकली बघायची तर आयएसआय मार्कजवळ सीएम/एल नंबर असतो, बीआयएस केअर अॅपवर टाकून लायसन्स कुणाचं ते दिसतं, दोन मिनिटांचं काम.

इन्व्हर्टर असेल तर माझी एक फजिती सांगतो. पंधरा वर्षांपूर्वीची, तेव्हा जरा गुर्मी पण होती. मेन बंद केला, टेस्टर लावायचा कंटाळा केला, पेटीत हात घातला आणि बसला झटका, स्टुलावरून खाली. इन्व्हर्टर बॅटरीवर चालू झाला होता आणि त्याची लाईन त्याच पेटीतून परत फिरलेली, कुठेही लिहिलेलं नाही. कोपर अजून थंडीत दुखतं. तेव्हापासून इन्व्हर्टरच्या लाईनला वेगळा बंद करायचा स्विच आणि पेटीवर मोठ्या अक्षरात लेबल नसेल तर मी रिपोर्टात पहिल्या ओळीत लिहितो. सोलर असेल तर आणखी एक, ग्रिड गेली की इन्व्हर्टर बंद होतो खरा, पण छपरावरून येणाऱ्या डीसी वायरी ऊन आहे तोवर जिवंतच, त्यांचा आयसोलेटर कुठे आहे ते मालकाला दाखवता आलं पाहिजे. इन्व्हर्टरमुळे आणखी एक भानगड होते, त्याचा न्यूट्रल आणि घरचा न्यूट्रल कुठेतरी एकमेकांत मिसळलेला असतो आणि मग आरसीसीबी कारण नसताना पडते. ती काढायची नसते, न्यूट्रल वेगळे करायचे असतात.

थ्री-फेज असेल तर इलेक्ट्रिशियनला तिन्ही फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज घ्यायला सांगा, आधी लोड नसताना आणि मग एकाच फेजवर गीझर किंवा एसी चालू करून. लोड लावल्यावर एक १९०वर आली आणि दुसरी २६०वर चढली तर न्यूट्रल सैल आहे, घरात तरी किंवा खांबावर तरी. पूर्ण सुटला तर हलक्या लोडच्या फेजवर चारशेच्या आसपास व्होल्ट जाऊ शकतात, टीव्ही, राउटर, फ्रिजचं कार्ड एका क्षणात. पावसाळ्यात माडाचं चुडत लाईनवर पडून हे आमच्याकडे होत असतं, ते आपल्या हातात नाही, पण पेटीतला न्यूट्रलचा स्क्रू आवळणं आपल्याच हातात आहे.

बाहेरची लाईन कुठून निघते ते विचारा, विहिरीचा पंप, गेटचा दिवा, मागच्या पडवीतलं वॉशिंग मशीन. हे सगळं घराच्याच आरसीसीबीवर असेल तर जूनच्या पहिल्या सरीला गेटच्या दिव्यात पाणी शिरणार आणि अख्ख्या घराची लाईट जाणार, आणि मग पुढच्या वर्षी ती आरसीसीबी परत खोक्यात. बाहेरच्याला वेगळी आरसीसीबी द्यायची. घरं बघायला लोक डिसेंबर-जानेवारीत येतात, सगळं सुकं खडखडीत, पेटी पण शहाण्यासारखी वागते, म्हणून पेटीच्या वरच्या भिंतीवर पाण्याचे ओघळ, फुगलेला चुना, वरून आत शिरणाऱ्या पाईपाच्या तोंडाशी गंज, हे मुद्दाम बघा. पाईपातून पाणी थेट पेटीत उतरतं, वायरच्या कडेकडेने, नळ लावल्यासारखं. झाकणाच्या तळाशी गंजाची आडवी रेघ असेल तर तिथे पाणी साचून राहिलं होतं.

आता व्यवहाराचं. विजेचं बिल मागा, त्यावर मंजूर लोड किती आणि नाव कुणाचं ते बघा, नाव आजोबांचं असणार, ते आमच्याकडे चालतच आलंय, पण ते नावावर करून घ्यायचं मालकाशी आधीच बोलून ठेवा. मंजूर लोड दोन-तीन किलोवॉट आणि घरात दोन एसी, असं असेल तर वायरिंगबरोबर लोड वाढवायचा खर्चही धरा. लायसन्स असलेल्या माणसाकडून इन्सुलेशनची मेगर टेस्ट (वायरीचं आवरण धड आहे का ते मोजणारी) करून घ्या, ५०० व्होल्टचा मेगर, एक मेगाओहमच्या खाली काही नको, आणि टेस्टच्या आधी टीव्ही-फ्रिज-एलईडी सगळं काढून ठेवायला विसरू नका नाहीतर जळालेल्या दिव्यांचं बिल मला दाखवाल. हे सगळं लेखी मागा.

बाकी वायरिंग खराब निघालं म्हणून घर सोडू नका ताई, वायरिंग बदलता येतं, पायाची भेग बदलता येत नाही. हळदोण्याच्या त्या जोडप्याने घर घेतलंच. अर्थिंगचे दोन नवीन खड्डे मारले, मागचं वायरिंग पूर्ण काढलं, आणि खोक्यातली ती आरसीसीबी तपासून परत तिच्याच जागी बसवली. जुलैत त्यांचा फोन आला, भर पावसात पडली म्हणून. मी गेलो तर मागच्या मिक्सरच्या वायरीला उंदराने कुरतडलेलं होतं, ओट्यावरच्या पाण्यात पडलेली.